मंगळवारी थांबलेला आवाज

१

पोलीस ठाण्याच्या आवारात कडुनिंबाखाली ती सात आसनी गाडी लाथेनं चेपलेल्या डब्यासारखी पडली होती. बिल्किस इनामदारनं तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि तिसरीला निघाली, तसा जमादार कंटाळून म्हणाला, "आता काय बघायचं राहिलं मॅडम? ड्रायव्हर पिऊन होता. ब्रेक नवे कोरे होते. आम्ही लिहून टाकलंय."

"पिऊन होता हे डॉक्टरांनी सांगितलं?"

"डॉक्टरचा कागद यायचाय. पण लोक म्हणतात."

बिल्किस एकोणीस वर्षं विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या गाड्या तपासत होती. वडिलांच्या गॅरेजात लहानाची मोठी झालेली बाई. 'चालकाचा निष्काळजीपणा' हे दोन शब्द तिनं इतक्या कागदांवर वाचले होते, की आता ते दिसले की तिच्या कानशिलात ठणका उठायचा. मेलेला माणूस उलटून बोलत नाही, म्हणून सगळं त्याच्याच नावावर लिहून मोकळं व्हायचं!

गाडी पिशोरच्या शाळेतल्या तीन शिक्षिकांना रोज औरंगाबादहून नेत-आणत असे. मार्च असल्यानं सकाळची शाळा. सोमवारी दुपारी परतताना, खुलताबाद ओलांडून दौलताबादकडे उतरणाऱ्या घाटात ती डावीकडच्या डोंगरावर आदळली, गिरकी खाऊन उजवीकडच्या दगडी कठड्यावर आपटली. बायका वाचल्या. ड्रायव्हर कडूबा जागेवर गेला.

"मालक नानासाहेब म्हणजे देवमाणूस बरं का," जमादार सांगत होता. "जखमींना दवाखान्यात पाठवलं आणि स्वतः क्रेन येईस्तोवर तीन तास उन्हात गाडीपाशी बसून होता. आम्ही पोचलो तर चाकाला मिठी मारून रडत होता. हात कोपरापर्यंत काळे झाले होते बिचाऱ्याचे."

बिल्किसनं चेपलेल्या दारातून आत डोकं घातलं. हँडब्रेकचा दांडा पार वरपर्यंत ओढलेला होता. गाडी पहिल्या गिअरमध्ये होती. उतारावर भरधाव जाणारा माणूस पहिला गिअर कशाला टाकेल? तो टाकतो फक्त एकच माणूस. ज्याचा पाय ब्रेकवर आहे आणि ब्रेक लागत नाही, तो.

"पुढचं उजवं चाक आम्ही खोलून बघितलंय," जमादार म्हणाला. "डावं आदळून आतच अडकलंय. निघत नाही."

उजवं चाक बाजूलाच काढून ठेवलेलं होतं. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी, डिस्क, उघडी पडली होती. तिला दोन्ही बाजूंनी आवळून धरणारे पॅड खरंच जाड होते. बिल्किसनं बॅटरी लावली आणि डिस्कवरून बोट फिरवलं. नांगरलेल्या वावरासारख्या खोल चऱ्या पडलेल्या. मग तिनं पॅड बाहेर काढला आणि त्याच्या तोंडावरून बोट फिरवलं. आरशासारखा सपाट.

चऱ्या पडलेल्या डिस्कवर पॅड चार दिवस जरी चालला, तरी त्याच्या अंगावर त्याच चऱ्या उमटतात. या पॅडवर एकही नव्हती.

ती गाडी हे पॅड घालून एक फर्लांगसुद्धा चाललेली नव्हती.

२

"तो पीत नव्हता," गाडीतल्या तीन शिक्षिकांपैकी वच्छलाबाई दवाखान्याच्या खाटेवरून म्हणाल्या. पाय वजनाला टांगलेला, कपाळाला पट्टी, तरी आवाज वर्गात घुमावा तसा. "अकरा वर्षं मी त्याच्या गाडीत बसले. मला दारूचा वास ओळखायला शिकवू नका."

खाटेच्या पायथ्याशी कडूबाची बायको सारजाबाई बसली होती. नवऱ्याला जाऊन चार दिवस झाले होते आणि ती बाईंसाठी डबा घेऊन आली होती. ती रडत नव्हती. तिचा जबडा आवळलेला होता.

"गावात म्हणत्यात, कडूबा ढोसून व्हता," ती म्हणाली. "माझ्या दारात येऊन म्हणत्यात. ज्यांनी त्याला खांदा दिला, तेच म्हणत्यात."

बिल्किसनं विचारलं, "बाई, गाडीत काही आवाज यायचा?"

"यायचा म्हणजे? फेब्रुवारीपासून ब्रेक दाबला की किर्रर्र! पाटीवर नख ओढल्यासारखा. कडूबा म्हणायचा, बाई, पॅडला एक पत्र्याची बारकी जीभ असती. पॅड झिजत आला की ती जीभ डिस्कला घासती आणि वरडती. मुद्दामच लावल्याली असती, माणसानं ऐकावं म्हणून."

"मग?"

"तो मालकाच्या मागे लागला होता. अपघाताच्या आधीच्या सोमवारी उतरताना म्हणाला, उद्या पॅड बदलल्याबिगर मी घाट उतरणार नाय. आणि मंगळवारी सकाळी आवाज बंद! कडूबा इतका खूश, की आम्हाला वेरूळला चहा पाजला. म्हणाला, मालकानं रातच्याला बदलून घेतले."

"त्यानं स्वतः बघितले?"

"गाडी मालकाच्या दारात उभी असते. सकाळी किल्ली घ्यायची आणि निघायचं. मालकानं सांगितलं, यानं मानलं." वच्छलाबाईंनी डोळे मिटले. "शनिवारी दुसराच आवाज आला. किरकिर नाही, खरखर. लोखंडावर लोखंड. तो म्हणाला, नव्या पॅडला असा आवाज कसा? सोमवारी गाडी परत नेल्यावर गॅरेजवाल्या हैदरला दाखवतो. सोमवारी घाटात ब्रेकवरचा त्याचा पाय खाली गेला तो वर आलाच नाही. ओरडला, बाई, डोकी खाली घाला, शीट धरा! उजवीकडं दरी होती. त्यानं गाडी डोंगरावर घातली. ती दरीत जाऊ दिली नाही."

त्यांनी डोळे उघडले. मग त्या म्हणाल्या, "आणि तो नानासाहेबांचा मॅनेजर, बन्सी. तोंडाचा फाटका आहे, पण रक्त त्यानंच दिलं मला. अपघातापासून रात्रीपर्यंत या खुर्चीतून हलला नाही."

बिल्किस जिना उतरली तेव्हा तिच्या डोक्यात दोनच गोष्टी एकमेकींशी भांडत होत्या. पॅड बदललेच नव्हते, हे डिस्क सांगत होती. मग पत्र्याची जीभ मंगळवारी ओरडायची थांबली कशी?

३

औरंगपुऱ्यात नानासाहेबांचं ऑफिस दुकानांच्या वर होतं. पाच गाड्यांचा धंदा. साठीचा माणूस, पांढरा सदरा, आवाज लोण्यासारखा मऊ.

"कडूबा माझ्या धाकट्या भावासारखा," ते म्हणाले. त्यांचे डोळे खरोखर भरून आले. "त्याच्या घरी मी कालच ज्वारीचं पोतं पाठवलंय. विम्याचं काय व्हायचं ते होवो ताई, पण मेलेल्या माणसाची अब्रू जास्त उघडी करू नका. पीत होता, हे खरंय. मी सांभाळून घेत होतो."

बिल्किसच्या कानशिलात ठणका सुरू झाला. तिनं शांतपणे विचारलं, "पॅड कुणी बसवले?"

"हैदरनं. अपघाताच्या आधीच्या सोमवारी संध्याकाळी."

"तुम्ही बघितले?"

"मला गाड्यांतलं काय कळतंय? मी धंदा बघतो. पान्हा कुठल्या बाजूनं धरतात तेही ठाऊक नाही."

"अपघात झाल्याचं कळल्यावर तुम्ही दवाखान्यात नाही गेलात?"

"गाडीपाशी थांबलो. उघड्यावर पडलेली गाडी, लोक टायरसुद्धा काढून नेतात."

बन्सी बाहेरच्या टेबलाशी बसलेला. तिला पाहून तो फणकारला, "आमच्यावर काय संशय घेता? त्या सोमवारी पॅडचा डबा मोंढ्याच्या बाजारातून मी स्वतः आणला. हैदरच्या हातात दिला. पावती हाय माझ्यापाशी! वर्षभर त्या कडूबाचं ऐकून घ्यायचो मी. हे बदला, ते बदला. गाडी उभी राहिली तर बायांना शाळेत कोण नेणार, मी? पाठीवर बसवून?"

"म्हणजे गाडी उभी करायला तुझाही विरोध होता."

बन्सीचं तोंड एकदम उतरलं. "व्हता," तो खाली मान घालून म्हणाला. "पण डबा मी आणला, मॅडम. आईची आण घेऊन सांगतो."

डबा आला होता, पावती होती. हैदरच्या हातात दिला होता. आता सगळी बोटं हैदरकडं होती.

४

हैदरचं गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड, पुढं ऑइलनं काळी पडलेली जमीन. बिल्किस त्याला लहानपणापासून ओळखत होती. तिच्या अब्बांच्या हाताखाली तो शिकला होता.

"हैदरचाचा, त्या गाडीचे पॅड तुम्ही बसवले?"

"हौ. बसवले ना." तो कार्बोरेटर पुसत राहिला. डोळे वर केलेच नाहीत.

"दोन्ही चाकांचे?"

"हौ बोलतो ना बेटा. कितनी बार पूछोगी?"

बिल्किसनं मोबाइलवरचा फोटो त्याच्यापुढं धरला. उजव्या चाकाचे ते नवे कोरे पॅड. हैदरनं चष्मा कपाळावरून खाली ओढला. फोटो मोठा करून पाहिला आणि त्याचा चेहरा लालबुंद झाला.

"ये किस गधेने लगाया? जीभवाला पॅड आतल्या बाजूला बसतो! ह्यानं आतलं बाहेर आणि बाहेरचं आत घातलंय! चाळीस बरस झाले मला हे काम करून. हे मी नाही केलं!"

बोलून गेल्यावर त्याला उमगलं, आपण काय बोललो. हातातलं फडकं खाली पडलं.

"मग खोटं का बोललात?" बिल्किसचा आवाज चढला. शेजारच्या दुकानातला माणूस डोकावून बघू लागला, तरी तिला पर्वा नव्हती. "एक माणूस मेलाय चाचा. त्याच्या बायकोच्या दारात येऊन लोक त्याला बेवडा म्हणताहेत. आणि तुम्ही कार्बोरेटर पुसत बसलात?"

"जा बेटा," तो पुटपुटला. "त्यांच्या पाचही गाड्या माझ्याकडं येतात. मला विचारू नको."

"ठीक आहे. उद्या डावं चाक कापून काढणार आहे मी. ठाण्यात. पॅडच बोलतील. तुम्ही या नाहीतर येऊ नका."

हैदरनं मान वर केली. "डावं?" तो म्हणाला. "डावं अजून तसंच आहे?"

५

सकाळी दहा वाजता कटर लागला. जमादार, नानासाहेब, बन्सी आणि थोडी लांब, पदर कमरेला खोचून सारजाबाई. बिल्किसनं तिला मुद्दाम बोलावलं होतं. हैदर सगळ्यांच्या मागं, फाटकाला टेकून उभा.

ठिणग्या उडाल्या, चेपलेला पत्रा कापला गेला, चाक सुटलं. आतल्या बाजूला तेलाचा ओघळ वाळून चिकट झाला होता. बिल्किसनं हातमोजे घातले आणि पॅड बाहेर काढून जमादाराच्या पुढ्यात, गाडीच्या बॉनेटवर ठेवले.

पॅड कसले! मागची लोखंडी पाटी तेवढी उरली होती. घासायचा मसाला पार संपलेला. लोखंड डिस्कवर घासून निळं पडलं होतं.

"बोटाच्या पेराएवढा जाड असतो हा मसाला, नवा असताना," बिल्किस म्हणाली. "दोन-तीन मिलिमीटर उरला की बदलायचा. इथं काहीच उरलं नाही. पॅड इतका झिजला, की त्याला ढकलणारा दट्ट्या जागेबाहेर आला. ब्रेकचं तेल गळलं. ब्रेक दाबला की पाय सरळ खाली. कडूबानं हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला. जे जे करता येतं ते सगळं केलं त्यानं."

"पण उजवीकडचे तर नवे..." जमादार गोंधळला.

"ते अपघातानंतर घातलेत. त्या डिस्कवर चऱ्या आहेत, पॅडवर नाहीत. बोट फिरवून बघा." मग तिनं डावा पॅड उचलून उन्हात धरला. "आणि हे बघा. ही पत्र्याची जीभ. हिनं ओरडायचं, म्हणून कंपनीनं लावलेली. ही झिजलेली नाही, मोडलेली नाही. पकडीनं कापलीय. मंगळवारी आवाज थांबला तो पॅड बदलले म्हणून नाही. बोंबलणाऱ्याची जीभच छाटली म्हणून."

सारजाबाईच्या तोंडून एक आवाज निघाला. शब्द नव्हता तो.

"आता कुणी केलं ते," बिल्किस म्हणाली. ती कोणाकडेच बघत नव्हती, बोलत होती फक्त. "अपघात झाल्यापासून क्रेन येईपर्यंत तीन तास. नंतर गाडी ठाण्यात, पोलिसांच्या नजरेखाली. म्हणजे पॅड घातले ते त्या तीन तासांतच. बन्सी दवाखान्यात वच्छलाबाईंच्या खाटेपाशी होता, त्याचं रक्त त्यांच्या अंगात आहे. हैदरचाचांनी घातले असते तर आतला पॅड बाहेर गेला नसता. ज्यानं घातले त्याला चाक खोलता येतं, पण ब्रेकचं काम त्याच्या हातचं नाही. घाईत होता. डावं चाक त्याला निघालं नाही, म्हणून तसंच राहिलं."

नानासाहेब मऊ आवाजात म्हणाले, "ताई, तुम्ही दमलाय. माझ्यावर..."

"जमादार, तुम्हीच मला सांगितलं. चाकाला मिठी मारून रडत होते. हात कोपरापर्यंत काळे. मेलेल्या माणसाला उचललं तर हाताला रक्त लागतं नानासाहेब. काळं लागतं ते ब्रेकच्या भुकटीनं. धाकट्या भावासारखा माणूस तुम्ही परक्यांच्या हाती दवाखान्यात पाठवला आणि स्वतः पान्हा घेऊन चाकाखाली बसलात!"

"मला पान्हा धरता येत नाही, हे मी सांगितलंय!"

"बारा वर्षं ट्रक चालवला तुम्ही, मालक," मागून आवाज आला.

सगळे वळले. हैदर फाटक सोडून पुढं आला होता.

"पंक्चर, चाक, सगळं स्वतः करायचे. मला ठाऊक आहे." तो बॉनेटवरच्या पॅडकडं बघत बोलत राहिला. "अपघाताच्या आधीच्या सोमवारी संध्याकाळी चाकं खोलली मी. बोललो, पॅड गेले, डिस्कबी गेल्या. खराब डिस्कवर नवे पॅड मी लावत नाही, नव्या डिस्क पुण्याहून मागवतो, गाडी दोन दिवस इथं ठेवा. मालक बोलले, सकाळी बायांना न्यायचंय, दुसरी गाडी लग्नाला दिलीय. माझ्या हातातली पक्कड घेतली आणि कट, कट. दोन्ही चाकांच्या जिभा. पॅडचा डबा काखेत मारला. बोलले, डिस्क आल्यावर एकदमच लावू."

"आणि तू बघत उभा राहिलास?" सारजाबाई पहिल्यांदाच बोलली.

"हौ भाभी," हैदर म्हणाला. "बघत उभा राहिलो. डिस्क शुक्रवारी आल्या. मी फोन केला. मालक बोलले, रविवारी बघू."

नानासाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. मऊपणा कुठल्या कुठं गेला होता. "दोन दिवसांचा तर प्रश्न होता!" ते ओरडले. "दोन दिवस! मला काय माहीत तो..."

"आठवडा झाला व्हता," सारजाबाई त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. ती त्यांच्या खांद्याएवढीच होती. "आठ दिवस रोज सकाळी तू त्याला किल्ली दिलीस. हातात. तोंडाकडं बघून. आन तो मेल्यावर म्हणलास, पीत व्हता. ज्वारी पाठवलीस मला? घेऊन जा तुझी ज्वारी."

तिनं हात उगारला नाही. उगारला असता तर जमादारानं अडवला नसता, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. त्यानं नानासाहेबांच्या दंडाला धरलं आणि ठाण्याच्या पायऱ्यांकडं नेलं. हैदरही न सांगता त्यांच्यामागून गेला, आपला जबाब द्यायला. बन्सी तिथंच खाली बसला, दोन्ही हातांत डोकं धरून.

६

पंचनामा नव्यानं झाला. डॉक्टरांचा कागदही आला, कडूबाच्या रक्तात दारूचा थेंब नव्हता. बिल्किसनं अहवाल लिहिला, 'चालकाचा निष्काळजीपणा' ही ओळ खोडली आणि कारणासमोर जे घडलं ते घडलं तसं लिहिलं. मालकानं जाणूनबुजून संपलेल्या ब्रेकवर गाडी चालवायला दिली.

नक्कल घ्यायला सारजाबाई बिल्किसच्या ऑफिसात आली. बिल्किस तिला भरपाईच्या अर्जाचं समजावू लागली, कुठं सही, कुठं अंगठा. सारजाबाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते करू. आधी माझ्यासंगं गावाला चला."

"गावाला? कशाला?"

"मला वाचता येत नाय ताई. तुमी वाचा. पारावर."

बिल्किसला त्या दिवशी आणखी दोन गाड्या बघायच्या होत्या. तिनं दोन फोन केले आणि चपला घातल्या.

शहराबाहेर थोड्याच अंतरावर कडूबाची वस्ती होती. संध्याकाळ व्हायची होती, पारावर दहा-पंधरा माणसं टेकलेली. गाडीतून एक अनोळखी बाई उतरली, तिच्यामागून कडूबाची बायको, तशी बोलणी थांबली. बिल्किसनं पारापुढं उभं राहून कागद उलगडला आणि वाचायला सुरुवात केली. पॅडची जाडी वाचली. कापलेली जीभ वाचली. हँडब्रेक वाचला, पहिला गिअर वाचला. गाडी दरीत न जाऊ देता डोंगरावर घातली, तीन बायका वाचल्या, हे वाचताना तिचा आवाज घोगरा झाला. ती थांबली, खाकरली आणि तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली. शेवटी डॉक्टरांचा कागद वाचला.

वाचून संपलं. एका म्हाताऱ्यानं पागोटं नीट केलं. दोघं-तिघं पायातल्या वहाणांकडं बघू लागले.

सारजाबाई बिल्किसच्या पुढं येऊन उभी राहिली.

"आता म्हणा," ती म्हणाली. "माझा नवरा काय व्हता, ते आता म्हणा."

 ती जागची हलली नाही. पहिल्या माणसापासून शेवटच्यापर्यंत एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिली आणि पहिला माणूस मान खाली घालून उठेपर्यंत तिनं डोळा मिटला नाही.